निर्वात नलिकांचा मूलनिर्णय

कल्याणनजीक उल्हास नदीकाठच्या मोहने परिसरात एखादी जुनी निर्वात नलिका, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा 'व्हॉल्व्ह', हाती आल्यास तिच्या उगमाविषयी तीन तर्क सहज सुचतात : दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी, जिचे १९४९ साली उल्हासनगर झाले, ठाण्याचा मर्फी रेडिओचा कारखाना, आणि खुद्द मोहने येथील, २००९ साली बंद पडलेला, नॅशनल रेयॉनचा कारखाना. परंतु प्राप्तिस्थान म्हणजे उत्पत्तिस्थान नव्हे. ताम्रपटाच्या बाबतीत अभ्यासक जो विवेक पाळतात, तोच येथेही पाळावा लागतो.

पहिला पुरावा नामाचा होय. युरोपात १९३४ पासून रूढ झालेल्या पद्धतीत नामातील जवळजवळ प्रत्येक वर्ण सार्थ असतो. 'ईसीसी ८३' या नामातील 'ई' हा तापतंतूचा ६.३ व्होल्ट दाब दर्शवितो. 'सी' म्हणजे त्रिध्रुवी, आणि तिची द्विरुक्ती म्हणजे एकाच काचेत दोन त्रिध्रुवी. '८' हा नऊ पिनांच्या बैठकीचा द्योतक. अखेरचा अंक तेवढा केवळ क्रमवाचक. ही बैठक महायुद्धानंतर प्रचारात आली. सबब अशी नलिका युद्धकालीन छावणीचा अवशेष मानता येत नाही. एका अंकाने एक संपूर्ण तर्क बाद होतो.

दुसरा पुरावा निर्मात्याचा. काचेवर रंगाने छापलेले व्यापारी नाव पुसले जाते, बदलताही येते. शिवाय एकाच कारखान्याचा माल अनेक नावांनी विकला जात असे. फिलिप्स समूहाच्या नलिकांवर मात्र तळाशी बारीक संकेत कोरलेला आढळतो. 'आय६१' आणि त्याखाली 'बी४एल२' असे असल्यास पहिली ओळ ईसीसी ८३ हा प्रकार सांगते. दुसरीतील 'बी' इंग्लंडमधील ब्लॅकबर्नचा कारखाना, '४' वर्ष, 'एल' डिसेंबर आणि '२' आठवडा दर्शवितो. वर्षाचा अंक एकच असल्याने दशक संदिग्ध राहते. ते अन्य पुराव्याने ठरवावे लागते.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून अशा नलिकांचे उत्पादन सुरू केले. म्हणून युरोपीय नामाची नलिका विदेशीच असे गृहीत धरणेही चूक ठरेल. प्रकार, निर्माता आणि विक्रेता हे तीन भिन्न प्रश्न होत, आणि त्यांची उत्तरे स्वतंत्रपणेच शोधावयास हवीत.

बंद कारखान्यांचे साहित्य भंगारात धातूच्या वजनावर विकले जाते. काच फुटते आणि तिच्यावरील लेखही नाहीसा होतो. यास्तव अशी वस्तू धुण्यापुसण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्येक चिन्ह जसेच्या तसे उतरवून घेणे, हे औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाचे प्रथम कर्तव्य होय.