जर्मनीतील गृहशिक्षण : कायदा आणि उपलब्ध पर्याय

किशोरवयीन मुलांसह जर्मनीत येणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे एक विचार हटकून उभा राहतो. मुलाला जर्मन येत नाही आणि दोन-तीन वर्षांत परतायचे आहे. मग शाळेत न घालता घरीच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावी का करून घेऊ नये? भारतात हा मार्ग अनेकांनी चोखाळला आहे. जर्मनीत मात्र तो बंद आहे.

येथील 'शूलफ्लिख्त' ही केवळ शिक्षणाची नव्हे, तर शाळेत प्रत्यक्ष उपस्थित राहण्याची सक्ती आहे. प्रशियात १७१७ च्या राजाज्ञेने तिची सुरुवात झाली आणि १९१९ च्या वायमार राज्यघटनेने ती देशभर मान्य केली. आज शिक्षण हा १६ घटकराज्यांचा विषय असल्याने तपशील राज्यागणिक बदलतो. पूर्णवेळ शाळेची सक्ती बव्हेरियात ९, तर बर्लिनमध्ये १० वर्षांची आहे. त्यानंतरही बहुतेक राज्यांत साधारणतः अठराव्या वर्षापर्यंत व्यवसायशाळेत किंवा उच्च माध्यमिक वर्गात जाणे बंधनकारक असते. येथे नागरिकत्व नव्हे, वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे भारतीय पारपत्र असलेली मुलेही या सक्तीत येतात.

न्यायालयांनीही ही भूमिका उचलून धरली आहे. समाजात परस्परांपासून तुटलेले गट निर्माण होऊ नयेत, या हेतूला संघीय घटना न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली. 'कोनराड' खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये पालकांची तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला. 'वुंडरलिख' खटल्यात मुले काही आठवडे पालकांपासून दूर नेण्यात आली होती. २०१९ च्या निकालात तेथेही हक्कभंग झाल्याचे मानले गेले नाही. नियमभंगास सामान्यतः दंड होतो. हेस्सेनमध्ये मुलाला वारंवार शाळेपासून दूर ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. स्वस्त विमान तिकिटासाठी सुटीच्या दोन दिवस आधी भारतात निघणेही याच नियमात बसते. त्यासाठी शाळेची पूर्वपरवानगी लागते आणि केवळ तिकिटाच्या दराचे कारण सहसा पुरत नाही.

अपवाद मोजके आहेत. दीर्घ आजारातील मुलांना शासकीय व्यवस्थेतून घरी शिकवले जाते आणि राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांना सूट असते.

इतर कुटुंबांपुढे तीन पर्याय उरतात. सरकारी शाळांतील नवागतांच्या वर्गांत आधी जर्मन शिकवून मुलांना हळूहळू नियमित वर्गात नेले जाते. परत जाणे निश्चित असल्यास इंग्रजी माध्यमाच्या मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय शाळा सोयीच्या ठरतात. त्यांतील अनेक शाळांत आयबी अभ्यासक्रम असतो, पण शुल्क मोठे असते. सक्तीचा काळ संपल्यावर 'आबिटूर' ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बहिःस्थ उमेदवार म्हणून देता येते आणि त्या टप्प्यावर घरी अभ्यास करणे वैध ठरते.

शाळा सांभाळून मुक्त विद्यालयाचा अभ्यास करण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र तो शाळेची जागा घेऊ शकत नाही. 'कोनराड' निर्णयातच नमूद आहे, की शाळेनंतर आणि सप्ताहान्ती मुलांना शिकवण्यास पालक मोकळे आहेत. मराठीचे वाचन-लेखन टिकवण्यासाठी तेवढा अवकाश पुष्कळ आहे.