अकोले विधानसभा : कुठल्या प्रश्नावर काय भूमिका, आणि आमदाराच्या हातात किती?

भंडारदरा, शेंडी, रतनवाडी, घाटघर ही सगळी गावं अकोले विधानसभा मतदारसंघात येतात. हा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव असून लोकसभेला शिर्डीला जोडलेला आहे. निवडणूक आली की गावात गाड्या येतात, भाषणं होतात, आश्वासनं दिली जातात. पण कुठला प्रश्न मुंबईत सुटतो, कुठला दिल्लीत आणि कुठला आपल्याच ग्रामसभेत, हे ठाऊक असेल तर उमेदवाराला नेमकं विचारता येतं. त्यासाठी ही प्रश्नवार माहिती.

आतापर्यंतचे आमदार

१९८० पासून सलग सात वेळा मधुकरराव पिचड इथून निवडून गेले. आधी काँग्रेस, १९९९ पासून राष्ट्रवादी. १९९५ ते १९९९ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. आदिवासी विकास खातंही त्यांनी सांभाळलं. ६ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

२०१४ ला त्यांचे चिरंजीव वैभव पिचड राष्ट्रवादीकडून आमदार झाले. २०१९ ला पिचड पितापुत्र भाजपमध्ये गेले आणि त्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे डॉ. किरण लहामटे यांनी वैभव पिचडांना ५७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. २०२४ ला लहामटे अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. शरद पवार गटाचे अमित भांगरे समोर होते, वैभव पिचड अपक्ष होते. तिरंगी लढतीत लहामटे पुन्हा निवडून आले, पण मताधिक्य साडेपाच हजारांच्या आसपास आलं.

आरक्षण : सभेत सगळ्यात मोठा आवाज

धनगर समाजाला अनुसूचित जमातीचं आरक्षण द्यायला मधुकरराव पिचडांचा विरोध होता. २०१४ ला आंदोलन पेटलं तेव्हा मंत्री असतानाही त्यांनी ही भूमिका सोडली नाही. लहामटेंचीही भूमिका तीच. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी लोकप्रतिनिधींसोबत ते मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उतरले होते. म्हणजे पक्ष वेगळे, गट वेगळे, पण या प्रश्नावर दोघांचं म्हणणं एकच.

अधिकार कोणाचा? अनुसूचित जमातींची यादी राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे ठरते आणि तिच्यात बदल फक्त संसद करू शकते. यादीत लिहिलंय तसंच ती वाचायची, तिचा वेगळा अर्थ लावायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितलं. धनगर आणि धनगड एकच आहेत, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. आमदार बोलू शकतो, सरकारवर दबाव आणू शकतो, पण निर्णय त्याच्या हातात नाही. आणि जिथे सगळे एकच बोलतात, तिथे उमेदवारांमधला फरक कळत नाही. तो पुढच्या प्रश्नांवर शोधावा लागतो.

पेसा भरती : पोरांच्या नोकरीचा प्रश्न

पेसा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये काढले, तेव्हा आदिवासी विकास खातं पिचडांकडे होतं. त्याच वर्षी राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक यांसारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली गेली. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निवड झालेली मुलं नेमणुकीविना राहिली. जाळीवरच्या आंदोलनाची दुसरी मागणी हीच होती. २०२४ मध्ये सरकारने या मुलांना मानधनावर नेमायचा निर्णय घेतला.

मानधन म्हणजे कायम नोकरी नव्हे. न्यायालयात बाजू मांडायची राज्य सरकारने, जागा भरायच्याही राज्य सरकारने. त्यामुळे इथे आमदाराला विचारायला भरपूर जागा आहे : आपल्या तालुक्यात किती पदं रिकामी, किती मानधनावर, आणि सभागृहात हा प्रश्न किती वेळा मांडला?

पाणी : धरण उशाला, कोरड घशाला

भंडारदरा धरण १९२६ ला पुरं झालं. साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. त्याच्या खाली निळवंडे, साठा ८,३२० दशलक्ष घनफूट. निळवंड्याची कल्पना १९७० ची. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ३१ मे २०२३ ला, आणि २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. ८५ किलोमीटरच्या या कालव्याचा लाभ ७ तालुक्यांतल्या १८२ गावांना मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं.

कालवा अकोल्यातून पुढे जातो, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी उघड्या कालव्याऐवजी बंद पाइप मागितले होते. पाणी सुटल्यावर शेतं चिभडल्याच्या तक्रारीही झाल्या. वरच्या बाजूच्या वाड्यांचं दुखणं वेगळंच. पाणी डोळ्यांसमोर, पण ते उचलून वर चढवायची सोय नाही.

पाणी हा राज्याचा विषय. त्यातही एक मेख आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. त्यामुळे 'एक थेंबही खाली जाऊ देणार नाही' असं कुणी म्हणालं, तर ६५ टक्क्यांच्या नियमाचं काय करणार, हे विचारायलाच हवं. उपसा योजना, पाझर रोखणं, वाडीवरच्या टाक्या ही कामं मात्र आमदार पाठपुरावा करून मंजूर करून आणू शकतो.

वनपट्टे आणि अभयारण्य

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे जातो. 'मी पट्टा देतो' असं कुठलाच आमदार म्हणू शकत नाही. अडलेला दावा हलवायला मात्र तो मदत करू शकतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ चं, क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात इथे पर्यटक लोटतात. तंबू, जेवण, वाटाड्या यांवर गावातली पोरं चार पैसे कमावतात. अभयारण्यातले नियम वन विभागाचे, मुळातला कायदा केंद्राचा. स्थानिकांना व्यवसायासाठी परवानगी कशी मिळवून देणार आणि प्रवेश शुल्कातलं गावाला किती येणार, हे दोन प्रश्न उमेदवाराला थेट विचारता येतात.

दूध

२०२४ च्या पावसाळ्यात कोतूळला दूध उत्पादकांनी धरणं धरलं होतं. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेचा अकोले ते लोणी मोर्चा निघाला, त्यातही दूध आणि वनजमीन हे दोन्ही विषय होते. २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पुढे ते ७ रुपये केलं. अनुदान हे सरकारच्या मर्जीवर चालू-बंद होतं. दराचा कायदा करायचा असेल तर तो विधानसभेतच व्हायचा, आणि तिथे आमदाराचं मत मोजलं जातं.

भूमिका तपासायची कशी?

उमेदवाराची मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती नमुना २६ च्या शपथपत्रात असते. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर ती मोबाइलवर बघता येते. आधी आमदार राहिलेल्यांनी कुठले तारांकित प्रश्न विचारले, हे विधिमंडळाच्या कामकाजात मिळतं. आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे. तो कुठल्या गावात, कुठल्या कामावर गेला, हे जिल्हा नियोजन कार्यालयात माहितीच्या अधिकारात मागता येतं.

गाडी गावात आली की हार घालायला हरकत नाही. हार घातल्यावर एक प्रश्न मात्र जरूर विचारा : हे काम तुमच्या हातातलं आहे का, आणि असेल तर कुठल्या महिन्यापर्यंत?