शेजारच्या नंबरवरची कारखानदारी

वडिलांच्या भोसरीतल्या वर्कशॉपचं जुनं बिलबुक परवा माळ्यावर सापडलं. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन माणसं, एवढंच ते वर्कशॉप. बिलाच्या कोपऱ्यात फोन नंबर छापलाय आणि पुढे दोन अक्षरं: पी. पी. माझ्या भाचीला वाटलं, ते कुणाचं तरी नाव असावं. पी. पी. म्हणजे फोन आपला नाही, शेजाऱ्याचा. आमचा नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा होता. फोन आला की दुकानदारकाका पोऱ्याला पाठवायचे आणि वडील हाताचं ग्रीस पुसत धावायचे. दुकान बंद असलं की ऑर्डर दुसरीकडे जायची. गेलेली ऑर्डर कळायचीसुद्धा नाही, हे त्यातलं वाईट.

आपल्या भागातली कारखानदारी उभी राहिली ती फोनच्या टंचाईतच. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची, एमआयडीसी १९६२ ची. टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. मोठ्या कारखान्यांत फोन होते, टेलेक्स होता. फोनच्या बोर्डावर बसणारी ऑपरेटर पुष्कळदा बाई असायची. शॉप फ्लोअरवर मात्र बाई दिसायची नाही. टेल्कोने १९७४ मध्ये इंजिनीअरच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं, तेव्हा सुधा कुलकर्णी या मुलीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि तिला पुण्याच्या टेल्कोत नोकरी मिळाली. याच पुढे सुधा मूर्ती झाल्या. ट्रंक कॉलच्या काळात एका पोस्टकार्डाने केवढं काम केलं बघा!

ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजला नंबर सांगायचा आणि लागेपर्यंत बसून राहायचं. तातडीचा हवा तर पैसे जास्त. नवा फोन घ्यायचा तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. १९९१ मध्ये चौऱ्याऐंशी कोटींच्या देशात जेमतेम ५० लाख फोन होते. मग छोटे कारखानदार काय करायचे? सायकल काढायचे. वडील सकाळी कंपनीच्या परचेस खात्याबाहेर बाकावर जाऊन बसायचे, चिठ्ठी हातात घ्यायची आणि परत यायचं. अर्धा दिवस त्यात जायचा, आणि तेवढा वेळ एक लेथ बंद. शिवाय निरोप उशिरा येणार म्हणून माल जास्तीचा करून ठेवायचा, त्यात पैसा अडकायचा. आईच्या बांगड्या त्याच पैशापायी सोनाराकडे होत्या. घरी हे कुणी मोठ्याने बोललं नाही.

१९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा तिच्यामागे होते. आपल्या हवेला आणि धुळीला टिकतील अशी देशी एक्स्चेंज तिने बनवली. पुढे नाक्यानाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. अपंगांना आणि गरजूंना ते चालवायला मिळत, आपल्यातल्या किती बायकांची घरं त्या बूथवर चालली! भोसरीहून चाकण वीसेक किलोमीटर, पण कोड वेगळा, ०२१३५. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. व्यापारी दुसऱ्या बाजारांतले भाव फोनवर विचारून बोली लावायचे. शेतकऱ्याकडे फोन नसायचा, त्यामुळे भाव व्यापाऱ्यालाच आधी ठाऊक.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात, आणि आलेल्या फोनलाही पैसे. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला, तेव्हा खरा मोबाइल टेम्पोवाल्याच्या आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या खिशात आला. मिस्ड कॉलची भाषाही आली: एक रिंग म्हणजे माल निघाला, दोन म्हणजे पोचला.

चाकणचं रूप पालटलं ते १९९९ ला बजाजचा कारखाना आल्यापासून आणि २००९ ला फोक्सवॅगन आल्यानंतर. आता मोठे कारखाने गोदामं भरून ठेवत नाहीत. लाइनवर लागेल तसा माल तासातासाने मागवतात. गाडी कुठे आहे ते जीपीएसवर दिसतं, पेटीवरचा बारकोड स्कॅन होतो. २०१८ पासून ठरावीक किमतीच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, तेही मोबाइलवर निघतं. माणसं फोनवर बोलण्याआधी यंत्रं एकमेकांशी बोलून मोकळी होतात. नेटवर्क गेलं तर गेटबाहेर ट्रकांची रांग लागते, आणि चाकण चौकात अडकण्याचा अनुभव तर तुम्हा सगळ्यांना आहेच.

आता आपल्या गटाचं सांगते. आम्ही एका कॅन्टीनवाल्याला चपात्या पुरवतो. एकदा त्याने रात्री मेसेज टाकला, सकाळी तीनशे चपात्या जास्तीच्या हव्यात. मेसेज गेला गटाच्या नंबरवर, आणि तो नंबर होता एका ताईंच्या मालकांचा. ते दुसऱ्या पाळीला, फोन त्यांच्या खिशात. सकाळी सहाला कळलं, तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली होती. ताई रडल्या. म्हणाल्या, "चपात्या लाटायला मी आणि फोन उचलायला ते." मला वडिलांचं बिलबुक आठवलं. तीस वर्षांनी आम्ही पुन्हा पी. पी. नंबरवरच होतो, फक्त शेजारी आता घरातच होता.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५४ बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. बँकेचा ओटीपी, क्यूआर कोडचे पैसे, ऑर्डरचा मेसेज हे सगळं नंबरावर येतं. म्हणून आम्ही गटाच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: सिम कुणाच्या नावावर. पहिल्या महिन्यात बारा जणींपैकी चौघींच्याच समोर स्वतःचं नाव होतं. आधार कार्ड घेऊन आम्ही दुकानात गेलो, मग बँकेत नंबर बदलायला दोन फेऱ्या झाल्या. आता नऊ जणी झाल्यात. एकीच्या सासूबाई अजून नको म्हणतात, तिच्याकडे येत्या रविवारी जायचं ठरलंय. तीनशे चपात्यांची ऑर्डर मात्र परत आलेली नाही.