सुईपासून भिंगापर्यंत : महाबळेश्वर ते मिरज

महाबळेश्वर हे थंड हवेचे गाव आजारी माणसांसाठी वसवले गेले, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या ध्यानात नाही. लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८२४मध्ये हा डोंगर चढून आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८मध्ये इथे आरोग्यधामाचा पाया घातला. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला आणि खंडाळा गावाच्या बदल्यात हे पठार कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. तापाने खंगलेले गोरे अंमलदार इथे येऊन बरे होऊन जाऊ लागले. त्यांच्यामागोमाग दुकानदार, घोडेवाले, कारागीर आले. त्यांत आमचेही लोक होते.

पण गाव आरोग्यासाठी वसले, ते कुणाच्या? कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीवरचा म्हातारा किंवा पेठेतल्या घरातली एखादी बडी अम्मा डोळ्यांनी अंधू झाली, तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या डोंगर उतरावाच लागला. वाई सुमारे ३२ किलोमीटर, सातारा ५५च्या आसपास आणि मिरज त्याहून कितीतरी लांब. डोळ्याच्या उपचाराचा इतिहास म्हणजे आंधळा होत चाललेला माणूस आणि त्याला बरे करू शकणारा हात यांच्यातल्या अंतराचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. हे अंतर केवळ मैलांचे नसते, विश्वासाचेही असते.

एके काळी हे अंतर अजिबात नव्हते. सुई घेऊन फिरणारा वैद्य स्वतःच दाराशी येई. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. हा वैद्य डोळ्यात सुई घालून ते गढूळ भिंग बाहुलीसमोरून खाली ढकलून देई. लोकभाषेत याला मोतीबिंदू ‘उतरवणे’ म्हणत. सुश्रुतसंहितेत या क्रियेचे वर्णन आहे, म्हणजे ही विद्या या मातीत फार जुनी. पडदा सरकावा तसा उजेड आत येई, घरातली माणसे चेहऱ्याने ओळखू येत, आनंदीआनंद होई. वैद्य मोबदला घेऊन पुढच्या गावाला निघून जाई. मग आठ-पंधरा दिवसांनी डोळा लाल होई, ठणकू लागे. कधी जंतू शिरलेले असत, कधी डोळ्यातला दाब वाढलेला असे आणि खाली ढकललेले भिंग आत सूज आणी. पुष्कळांची दृष्टी कायमची जाई. तेव्हा वैद्य कोसभर दूर गेलेला असे. आपल्या हाताचा परिणाम त्याला कधी पाहावाच लागत नसे.

मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या फिरत्या वैद्यांवर १९१८मध्ये एक पुस्तकच प्रसिद्ध केले. सुई खुपसलेले, बिघडलेले असंख्य डोळे त्यांच्यापुढे येत होते. या वैद्यांत मुसलमानही होते, अशी नोंद त्यांनी केली आहे. ही नोंद वाचताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते. कारण आपल्या सभा-संमेलनांतून आपण वेगळीच नावे अभिमानाने घेत असतो.

ती नावे खोटी नाहीत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. ते ख्रिस्ती होते आणि खलिफांच्या पदरी मानाने राहत होते, हेही सांगितले पाहिजे. अकराव्या शतकाच्या आरंभी अली इब्न ईसा यांनी डोळ्याच्या १३०च्या आसपास विकारांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांना ‘अल्-कह्हाल’ म्हणत. कह्हाल म्हणजे नेत्रवैद्य, सुरम्याला अरबीत जो ‘कुह्ल’ शब्द आहे त्यावरून आलेला. त्याच काळात इजिप्तमध्ये मोसुलचे अम्मार इब्न अली पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू ओढून काढत होते आणि आपल्या रुग्णांच्या हकिकती लिहून ठेवत होते. इब्न अल्-हैसम यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ या ग्रंथात, डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे सिद्ध करून दाखवले.

मात्र या नामावळीत एक नाव आपण कधीच घेत नाही. ते म्हणजे मुहतसिब. बाजारातले वजनमाप आणि व्यवहार तपासणारा हा अधिकारी. बाराव्या शतकात शाम देशातल्या अश्-शैझरी यांनी मुहतसिबासाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात कह्हालांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हुनैनच्या दहा प्रकरणांवर जो परीक्षा देईल, डोळ्याची रचना आणि रोग जो सांगू शकेल, त्यालाच धंदा करू द्यावा, असे तिथे म्हटले आहे. रस्तोरस्ती फिरणाऱ्या नेत्रवैद्यांवर तर विश्वासच ठेवू नये, असा स्पष्ट इशाराही आहे. म्हणजे ज्या परंपरेचा आपण वारसा सांगतो, त्या परंपरेने सुईवाल्याला आठशे वर्षांपूर्वीच बाजाराबाहेर काढले होते. परीक्षा घेणे, नोंद ठेवणे आणि केलेल्या कामाला बांधील राहणे हाच तो वारसा. तो विसरून आपण फक्त नावे पाठ केली.

आणखी एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यात सांगण्याजोगी आहे. डोळ्यावर इलाज करायचा तर काही दिवस सजदा करता येणार नाही, पडून नमाज पढावी लागेल, असे वैद्याने सांगितले तर काय करावे? हा प्रश्न फिकहच्या जुन्या ग्रंथांत चर्चिला गेला आहे. हजरत इब्न अब्बास यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच आला आणि त्यांनी इलाज नाकारला, अशी रिवायत आहे. तरीही पुढच्या फकीहांपैकी बहुसंख्यांनी जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने अशी नमाज जायज ठरवली. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, हेही हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत मान्य आहे. त्यामुळे ‘रमजान जाऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या बुजुर्गांना धर्म अडवत नाही, सवय अडवते.

आता आपल्या भागाकडे वळू. विल्यम जेम्स वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आला. पुढे त्याने मिरजेत बस्तान बसवले आणि १८९४मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उघडले. मिरज निवडण्यात शहाणपण होते. पुण्याहून येणारी रेल्वे तिथून जात होती आणि कोल्हापूरचा फाटाही तिथेच फुटत होता. ज्या गावात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर शिफा मागायला सर्व जातिधर्मांची माणसे पूर्वीपासून येत, त्याच गावात आता माणसे डोळ्यावर पट्टी बांधून परत जाऊ लागली. दुआ आणि दवा यांच्यात लोकांनी भांडण लावले नाही. बरेचजण दोन्हीकडे जाऊन येत.

वानलेसने नुसत्या शस्त्रक्रिया केल्या नाहीत, त्याने इथल्या तरुणांसाठी वैद्यकीय शाळाही काढली. तिथे शिकलेली माणसे लहान लहान गावांतून दवाखाने थाटून राहिली. १९२८मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३३मध्ये तो वारला. हॉस्पिटलला पुढे त्याचेच नाव मिळाले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे आम्ही विसरत नाही. पण फिरत्या सुईवाल्यापेक्षा मिरजेचा डॉक्टर मोठा ठरला, तो केवळ त्याच्या हत्यारांमुळे नव्हे. तो तिथेच राहत होता. आज केलेला डोळा उद्या सकाळी त्यालाच पाहावा लागत होता.

स्वातंत्र्यानंतर शिबिरांचा काळ आला. शाळेच्या खोल्यांत, मंडपात खाटा टाकून एकेका दिवसात ढिगाने शस्त्रक्रिया होत. १९७६मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि हे काम देशभर पोहोचले. पूर्ण भिंग काढून टाकले जाई आणि नंतर जाड काचांचा चष्मा मिळे. आमच्या लहानपणी गावातल्या म्हाताऱ्यांचे डोळे त्या भिंगांमागे केवढे तरी मोठे दिसत. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. शिबिराने अंतर कमी केले, हे त्याचे मोठे श्रेय. पण जिथे मंडप उठला की डॉक्टरही उठले, तिथे सुईवाल्याचाच दोष परत आला. जंतुसंसर्गाने डोळे जाण्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी घडले.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९मध्ये केली होती. आपल्याकडच्या गरिबाच्या डोळ्यात ते भिंग यायला चार दशके गेली. मदुराईच्या अरविंद संस्थेने १९९२मध्ये ही भिंगे देशातच स्वस्तात बनवायला घेतली. १९९४पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता. मंडपातून पक्क्या शस्त्रक्रियागृहात आणि जाड चष्म्याकडून भिंगाकडे आपण वळलो, ते याच काळात. गावात तपासणी, रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि पुन्हा गावात फेरतपासणी, ही रीत हळूहळू रूढ झाली.

रीत बदलली तरी आपल्या मनातला जुना काळ गेला नाही. ‘मोतीबिंदू पिकू दे’ असे आजही घरोघरी ऐकू येते. जुन्या शस्त्रक्रियेच्या काळी यात तथ्य होते. एका डोळ्याचे भिंग काढून जाड चष्मा लावला आणि दुसरा डोळा धड असला, तर एकाच वस्तूच्या दोन लहानमोठ्या प्रतिमा दिसत आणि माणूस गोंधळून जाई. म्हणून दोन्ही डोळे निकामी होण्याची वाट पाहिली जाई. भिंग बसवायला लागल्यावर ते कारणच संपले. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते आणि त्याने डोळ्यातला दाबही वाढू शकतो. ‘थंडीतच ऑपरेशन करावे’ हीसुद्धा शिबिरांच्या हंगामाची आठवण. स्वच्छ शस्त्रक्रियागृहाला ऋतू नसतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. १९८०च्या दशकाअखेर ते १.४९ टक्के होते. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलल्यामुळे हे दोन आकडे सरळ ताडता येत नाहीत, तरी पल्ला मोठा गाठला आहे हे खरे. पण त्याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे मोतीबिंदूमुळेच अंध होती. ज्या रोगावर तासाभरात इलाज होतो, त्याने ही माणसे अंधारात बसली आहेत. ही माणसे कोण असतील, ते आम्हाला आमच्या घरांतूनच कळते. ती बहुधा बायका असतात. अब्बांना दुकान पाहायचे असते म्हणून त्यांचे ऑपरेशन आधी. अम्मीला काय, घरातच तर राहायचे आहे! तिला कुराणशरीफची अक्षरे दिसेनाशी होतात, तांदळातले खडे दिसत नाहीत. ती तकदीर म्हणून गप्प बसते आणि आपण तिच्या गप्प बसण्याला सब्र म्हणतो.

मोतीबिंदू निदान परत तरी आणता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही आणि तो बहुतेकदा दुखतही नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा बिघाडही असाच चोरपावलांनी येतो. इथे एकदा सुई किंवा सुरी चालवून भागत नाही. दरवर्षी तपासणी लागते, रोज थेंब लागतात, म्हणजे पुन्हा डॉक्टरकडे जावे लागते. सुरम्याबद्दल आपल्याला आदर आहे, पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये.

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पुन्हा जाणे हीच कठीण गोष्ट. जून ते सप्टेंबर डोंगर पावसात बुडालेला, हंगामात दुकान सोडवत नाही आणि म्हाताऱ्या माणसासोबत घाट उतरायला कुणी मोकळे नसते. पैशाअभावी जितकी ऑपरेशने राहतात, तितकीच सोबतीअभावी राहत असावीत. हे काम सरकारचे नाही, आपले आहे. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीत गरजूंची यादी करता येईल. चार तरुणांनी आळीपाळीने सोबत जायचे ठरवता येईल. ऑपरेशनच्या दिवशी गाडी देणारे पुष्कळ मिळतात. आठवड्याने आणि महिन्याने फेरतपासणीला नेणारा हवा. त्या यादीत पहिले नाव घरातल्या अम्मीचे असावे.

सुईवाला वाईट होता, कारण तो थांबत नव्हता. वानलेस, शिबिरानंतर पुन्हा येणारा डॉक्टर आणि आठशे वर्षांपूर्वीचा मुहतसिब हे सगळे एकच विचारत आले : काल बरा केलेला डोळा आज कसा आहे? हा प्रश्न आता आपणही आपल्या मोहल्ल्यात विचारायला हवा.