दाभोळच्या बंदरावरचे ओझे

आमच्या कवठे येमाईला समुद्र नाही. शिरूर तालुक्याच्या या कोरडवाहू पट्ट्यात समुद्र आमच्या घरी यायचा तो आठवडे बाजारातून, आईच्या पदराला बांधलेल्या सुकटीच्या पुडीतून. सुकट कुठून येते, ती कोण वाहून आणते, हा प्रश्न लहानपणी कधी पडला नाही. पुढे घरातला पहिला पदवीधर झालो, इतिहास शिकवू लागलो. बहमनी काळातील बंदरे शिकवताना चौल आणि दाभोळ ही नावे फळ्यावर कितीदा लिहिली असतील! तरीही तो प्रश्न पडला नाही. तो पडला दाभोळला गेल्यावर.

महाडला चवदार तळ्यापाशी थांबून, मंडणगड-दापोलीमार्गे मी दाभोळला पोचलो. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. किनाऱ्यावर विजापूरकालीन मशिदीचा भव्य घुमट उभा आहे. पलीकडच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड आणि वीजप्रकल्पाच्या चिमण्या. मधल्या पाण्यातून फेरीबोट माणसे आणि मोटारी वाहते. आज एवढेच दिसते. पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या आठव्या दशकात परतीच्या प्रवासाला निघाला तो येथूनच, होर्मुझकडे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्त बार्बोझाने येथे येणाऱ्या अरबी घोड्यांची, तांब्याची आणि पाऱ्याची नोंद केली. मक्केला जाणारी जहाजे येथून सुटत. माल खाडीने चिपळूणजवळच्या गोवळकोटला जाई आणि तेथून कुंभार्ली घाट चढून देशावर येई.

या वैभवावर 1508 च्या डिसेंबरअखेर घाला पडला. त्याच वर्षी चौलच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा मारला गेला होता. इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांवर सूड घ्यायला तो दीवकडे निघाला. वाटेत त्याने दाभोळ जाळले. बायका-मुलांचीही गय केली नाही. दाभोळ पुन्हा उभे राहिले, आदिलशाहीत नांदले, शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. मुंबई वाढली तसे मागे पडत गेले.

इथपर्यंतचा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडतो. त्यात सुलतान आहेत, सरदार आहेत, व्यापारी आहेत, घोडेसुद्धा आहेत. नाही तो ओझे वाहणारा माणूस. तांबे जहाजातून आपोआप उतरले नाही. घाट मालाने स्वतःच्या पायांनी चढला नाही. कोणाची तरी मान त्याखाली होती. प्रस्थापित इतिहासलेखनाने मालाची यादी जपली, मान विसरली.

दाभोळच्या बंदरावरचा असा एक हमाल मात्र आपल्याला नावाने माहीत आहे. भिकू धुत्रे, म्हणजेच वलंगकर. दापोलीजवळच्या वणंद गावचा हा माणूस दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवी आणि त्या मजुरीवर घर चालवी. त्याच्या डोक्यावरून गेलेली मासळी गावाच्या ताटात चालत होती. तो स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत चालत नव्हता. अस्पृश्यतेचे सारे अर्थशास्त्र या एका टोपलीत सामावले आहे. श्रम शिवून घ्यायचे आणि श्रमिकाला शिवायचे नाही!

भिकूची मुलगी रमा. 7 फेब्रुवारी 1898 चा तिचा जन्म. आई गेली, पाठोपाठ बापही गेला. नातेवाइकांनी पोरक्या मुलांना मुंबईला नेले. पुढे सुभेदार रामजी आंबेडकरांच्या भीमरावाशी तिचे लग्न लागले, तेही भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर रात्री, उघड्या गाळ्यांत, पायाखालून गटाराचे पाणी वाहत असताना. पहाटे कोळणी येण्यापूर्वी जागा मोकळी करायची होती. बापाने दाभोळला मासळी वाहिली, मुलीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या मासळीच्याच बाजारात. रमाईंनी पुढे जो संसार ओढला, 27 मे 1935 रोजी देह ठेवीपर्यंत, तो आपण जाणतो. वणंदला आज त्यांचे स्मारक आहे.

धक्क्यावर उभा असताना मला माझे आजोबा आठवले. ते वतनदार महार. सरकारी दप्तर डोक्यावर घेऊन कवठ्याहून शिरूरला पायी जायचे. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. वतने नष्ट करणारा कायदा व्हायला 1958 उजाडावे लागले. दरम्यान आजोबांची मान कायमची एका बाजूला कलली. समुद्रकाठचा भिकू आणि माळरानावरचे माझे आजोबा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचे ओझे एकाच व्यवस्थेने बांधून दिले होते.

आणि येथेच एक बोचणारी गोष्ट ध्यानात येते. भिकू धुत्र्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्यांची मुलगी रमाई झाली म्हणून. त्यांच्या शेजारी टोपली उचलणाऱ्या दुसऱ्या माणसाची मुलगी कोणाची रमाई झाली नाही, म्हणून तो माणूस इतिहासातून पुसला गेला. थोरांशी नाते असल्यावरच आपल्या माणसाची नोंद व्हायची असेल, तर आपणही जुन्या बखरकारांचीच रीत चालवतो आहोत.

परतल्यावर वर्गात मी दाभोळ पुन्हा शिकवले. फळ्यावर घोडे, तांबे, पारा लिहून झाल्यावर विचारले, "हे उतरवले कोणी?" वर्ग गप्प. मग मुलांना घरचा अभ्यास दिला: आपापल्या आजा-आजीने आयुष्यात काय काय वाहिले, त्याची यादी करून आणा. पहिली यादी मी माझीच लिहिली. सरकारी दप्तर, मेलेली जनावरे, सरपणाच्या मोळ्या, आणि खांद्यावर बसून शाळेत जाणारा माझा बाप.