दोन गल्ल्या आणि त्यांतले कागद

'एकच प्याला' शिकवताना एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, हे नाटक पाहून कुणी दारू सोडली का हो?" मी तेव्हा करुणरसाकडे वळून प्रश्न टाळला. पुढे विल्यम होगार्थची 'बिअर स्ट्रीट' आणि 'जिन लेन' ही १७५१ मधील जोडचित्रे निरखताना तो प्रश्न पुन्हा समोर आला.

त्या चित्रांना साठ वर्षांची पार्श्वभूमी होती. १६९० पासून इंग्लंडमध्ये धान्यापासून मद्य गाळण्यास उत्तेजन मिळाले. जमीनदाराच्या धान्याला गिऱ्हाईक लाभले, सरकारला महसूल मिळाला आणि लंडनच्या गरीब वस्त्यांत जिन पेनीच्या भावात पोहोचली. १७३६ च्या कायद्याने किरकोळ विक्रेत्यावर ५० पौंडांचे परवानाशुल्क लादले. त्यामुळे विक्री थांबली नाही, चोरटी झाली. १७४३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. जानेवारी १७५१ मध्ये दंडाधिकारी असलेल्या हेन्री फील्डिंग या कादंबरीकाराने वाढत्या चोऱ्यांची कारणे शोधताना जिनवर बोट ठेवले. पुढच्याच महिन्यात होगार्थची चित्रे विक्रीस आली.

'बिअर स्ट्रीट'वर सारे आबादीआबाद आहे. खाटीक, लोहार धष्टपुष्ट आहेत. दिवाळे निघाले आहे ते फक्त गहाणवटीच्या दुकानाचे. टेबलावर वर्तमानपत्र आणि राजाचे भाषण पडले आहे. मासळीवाल्या बायका हेरिंगच्या मासेमारीवरचे गाणे वाचत आहेत. एका टोपलीत मात्र जाडजूड ग्रंथ रद्दीत निघाले आहेत. ट्रंका बनवणारा त्यांचा कागद आतून अस्तर म्हणून लावणार! या सुखी रस्त्यावर फाटक्या कपड्यांतला माणूस एकच, तो म्हणजे पाटी रंगवणारा चित्रकार.

'जिन लेन'मध्ये नशेतल्या आईच्या हातून मूल कठड्याखाली कोसळते आहे. सुतार करवत गहाण टाकतो आहे, गृहिणी स्वयंपाकाची भांडी. खालच्या कोपऱ्यात गाण्यांची पत्रके विकणारा, हाडांचा सापळा झालेला, मरणाच्या दारात बसला आहे. त्याच्या टोपलीतले पत्रक जिनच्याच निषेधाचे आहे. उपदेश विकणारा उपदेशाच्या विषयानेच संपला आहे आणि टोपलीतला कागद वाचायला कुणी उरलेले नाही.

जिनने केलेला नाश खराच होता. परंतु बिअर स्वदेशी म्हणून गौरवली गेली आणि हॉलंडहून आलेली जिन गुन्हेगार ठरली, यात केवळ आरोग्याचा विचार नव्हता. प्रतिष्ठितांना मान्य असलेले पेय संस्कृती म्हणवते. गरिबाचे पेय समस्या ठरते. गरीब का पितो, याचे उत्तर या जोडचित्रांत जवळजवळ नाहीच. चित्राची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे १२ पेनी. ज्याला सुधारायचे, त्याला तेवढ्या पैशांत बारा वेळा जिन मिळत होती.

१७५१ मध्येच नवा कायदा आला. १७५७ मध्ये पीक बुडाल्याने धान्यापासून मद्य गाळण्यावर बंदी आली. जिन महागली आणि तिची लाट ओसरली. या ओहोटीत चित्रांचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. कायदा आणि महागाई यांचा वाटा मोठा होता, हे मात्र निश्चित.

मग साहित्य काय करते? गडकऱ्यांचे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. प्रेक्षक बालगंधर्वांच्या सिंधूसाठी रडले. पण सुधाकर हा अडाणी मजूर नाही, शिकलेला वकील आहे, हे गडकऱ्यांनी विसरू दिले नाही. नाट्यगृहात बसलेला सुशिक्षित प्रेक्षक त्याला 'त्या वस्तीतला' म्हणून झटकून टाकू शकत नव्हता. होगार्थच्या शिलिंगवाल्या गिऱ्हाइकाला ती सोय होती.

त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन, "कुणी सोडली की नाही, ठाऊक नाही. पण दारुडा म्हणजे दुसराच कुणीतरी, असे म्हणणे या नाटकाने अवघड केले." आणि मग त्याला तो पत्रके विकणारा सापळा दाखवीन. आपणही, शेवटी, टोपलीत कागद घेऊनच बसलेले आहोत.