भट्टी विझली, मग दिवे लागले

नुसती रोषणाई म्हणून हसू नका. जर्मनीत डुइसबुर्गच्या मायडरिश भागातला थिसेनचा लोखंडाचा कारखाना १९८५ साली थांबला. सगळं भंगारात काढायचं घाटत होतं. स्थानिक लोक आडवे आले. पीटर लाट्झ यांनी भट्ट्या न पाडता तिथं उद्यान आखलं. मग १९९६ मध्ये ब्रिटिश कलावंत जोनाथन पार्क यांनी धुराडी, पाईप, भट्ट्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडात उभ्या केल्या. पूर्वी तिथं रात्रीचा लाल उजेड वितळलेल्या लोखंडाचा असायचा, आता दिव्यांचा. गेलेल्या नोकऱ्या त्यानं परत आल्या नाहीत, हे खरंच. पण आपल्या गिरणगावात बघा, बहुतेक चिमण्या गेल्या नि टॉवर आले. डुइसबुर्गला बंद पडलेल्या पाचव्या भट्टीवर आज कुणीही चढून जातं. उद्यानाला तिकीट नाही, रात्रीसुद्धा.